बैठकीतला सलाम

आमच्या बैठकीत एक मोठा फोटो आहे. येणारा माणूस आधी तो बघतो, मग बसतो. त्याच्यावरची धूळ मीच पुसते.

माझे मालक फौजेत आचारी होते. भरती होऊन, कवायत करून झालेले सैनिकच, पण काम स्वयंपाकाचं. सुट्टीवर आले की सांगायचे, बर्फात कणीक मळताना बोटं बधिर व्हायची, तरी पहाऱ्यावरून उतरलेल्या पोरांना गरम पोळी मिळालीच पाहिजे. पलटणीत त्यांना उस्ताद म्हणत. मला त्याचा अभिमान होता. धुळ्याकडचा त्यांचा एक सोबती एकदा आमच्याकडे राहून गेला. माझ्या हातचं जेवून मला तोंडावर म्हणाला, वहिनी, उस्तादची दाळ बरी. ते खरंच होतं.

पेन्शनीवर आल्यावर ते सरपंचपदाला उभे राहिले. पत्रकात कोणीतरी छापलं, सीमेवर लढलेला जवान. यांनी ते बदलायला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, लोकांना तसंच आवडतं. निवडून आले. पुढे भाषणात ते स्वतःच गोळीबाराचं सांगायला लागले, आणि दर भाषणात गोळ्या वाढत गेल्या. घरात चुलीपाशी येणं बंद झालं. कोणी बघेल म्हणून.

मग जिल्हा परिषदेला उभे राहिले. हिवाळा होता, म्हणून असोद्याजवळच्या मळ्यात भरीत पार्टी ठेवली. आमच्याकडे मळ्यातलं भरीत पुरुषच करतात. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची आणि लाकडी बडगीत मिरची घालून ठेचायची. उमेदवार कितीही मोठा असो, तिथे बाह्या वर करून बसतो. हे मात्र पांढऱ्या कपड्यांत लांब उभे. एकदा वांग्याला हात लावला असता तर आचाऱ्याचा हात लपला नसता.

आम्ही बायका पुऱ्या तळत होतो. तेवढ्यात तो धुळ्याचा सोबती आला. कुठून तरी ऐकून, एसटी बदलत आला होता. म्हातारा झाला होता, पण मी ओळखला. सगळ्यांसमोर यांच्या पाठीवर थाप मारून हसत म्हणाला, "काय उस्ताद, इतली वांगी शेतस आनि तू हुभा का? तुना हातनी चव बठ्ठी पलटणले माहीत शे."

पलटणीला यांच्या हातची चव माहीत, हे ऐकून माणसं वळून बघायला लागली. यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हे शहरातल्यासारखं बोलले. "तुमची गल्लत होतेय, भाऊ. स्वयंपाकी दुसरा कोणी असेल. मी सीमेवर लढत होतो."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी झारा कढईत फिरवत राहिले. त्याला काय समजायचं ते समजलं.

"हां, मनीच चूक व्हयनी, साहेब," तो म्हणाला. "नजर कमी व्हयनी."

मग टाचा जुळवून त्याने यांना कडक सलाम ठोकला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी मोबाइलवर फोटो काढले. पंगतीला बसायचा आग्रह झाला, पण बस चुकेल म्हणून तो निघून गेला. एवढ्या लांबून आलेला माणूस आमच्या मळ्यातून उपाशी गेला.

दोन दिवसांत तो फोटो बॅनरवर चढला. जुन्या जवानाचा साहेबांना सलाम. हे निवडून आले. बॅनर उतरले आणि फोटो चौकटीत बसून बैठकीत आला.

परवा नातीने विचारलं, हे सलाम करणारे आजोबा कोण? हे म्हणाले, होता एक, माझ्या हाताखाली.

हाताखाली नव्हता, त्यांच्या हातचं जेवलेला होता. मी नातीला काही सांगितलं नाही. मला बैठकीत बसवेना, मी आत गेले. भरिताची भाजलेली वांगी सोलायची होती, तीही मला त्यांच्यासारखी नीट सोलता येत नाहीत.