मचव्याचे डोळे

रोह्याला उतरले तेव्हा जीव थाऱ्यावर नव्हता. जुन्या होड्यांवरची चित्रं वहीत उतरवून घ्यायचा मला नाद, आणि खाडीकाठच्या हरी तांडेलांनी (तांडेल म्हणजे नावेचा प्रमुख) मोडलेल्या मचव्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, ओसरीवर जपून ठेवल्याचं कळलं होतं. तिच्या दोन्ही अंगांना रंगवलेले जुने डोळे आहेत म्हणे. नवा रंग न लागलेले डोळे मला किनाऱ्यावर कुठेच सापडले नव्हते.

ओसरी रिकामी!

"पेणला धाडली रंगवायला," म्हातारबा कौतुकानं म्हणाले. "तुमी येणार, मग कळकट दाखवायची व्हय?"

डोक्याला हात लावला. सुनेनं वाढलेलं वालाचं बिरडं कसंबसं गिळलं.

"नीट जेव गो बाय, ती काय पळून जाते?" सून म्हणाली. पण मी निघालेच.

मिळेल त्या टेम्पोत चढले. निडी गेलं, नागोठणं गेलं, आणि वडखळला ट्रकांच्या रांगेत अडकलो. एरवी मिठागरं बघत बसले असते. त्या दिवशी नुसतं ड्रायव्हरचं डोकं खाल्लं.

पेणमधल्या रामवाडीच्या कारखान्यात पांढऱ्या गणपतींच्या गर्दीत नाळ आडवी ठेवलेली. एक डोळा काळाभोर, ताजा. दुसरा अजून फिकट, पोपडे निघालेला.

"थांबा!" मी ओरडलेच.

"ताई, एकच डोळा करून कसा सोडू?" रंगारी म्हणाला. "तांडेलांनाच विचारा." त्यानं फोन लावून दिला.

"बाबा, एक तरी जुना राहू द्या," मी काकुळतीला आले. "फार मोलाचा आहे तो."

"अगो बाय, मचवा चालू व्हता तवा माझा बाप दर नारळी पुनवेला डोळे नवे करायचा. मंगच नाव दर्यात जायची. मीपण केले. मचवा मोडला, तवापासून माझा हातच उचलला नाय. ते जुनं नाय गो, माझं दुखणं हाय ते."

मी फोन ठेवला. वही उघडली, मिटली. "रंगवा," एवढंच रंगाऱ्याला म्हटलं.

संध्याकाळी ओली नाळ टेम्पोतून सांभाळत रोह्याला आणली. तांडेलांनी ती खाडीकडे तोंड करून उभी केली आणि कितीतरी वेळ शेजारी उभे राहिले.

घरी येऊन मी सगळ्या जुन्या वह्या काढल्या. इतकी वर्षं फिकट रंग दिसला की मी हरखायचे. चित्राखाली नावेचं नाव होतं, गाव होतं. ती चालवणाऱ्याचं नाव एकाही पानावर मी लिहिलं नव्हतं.