राद्काबाईंचा डोंगर

आमच्या शेजारच्या राद्काबाईंना त्यांचा चार वर्षांचा नातू ‘बाबा’ अशी हाक मारायचा. आयर्लंडमधल्या ल्यूकनला राहायला आल्यावर कितीतरी दिवस मी त्या घरातल्या बाबांना शोधत होते. मग कळलं, बल्गेरियात आजीला ‘बाबा’ म्हणतात.

मुलाचं घर सांभाळायला त्या आयर्लंडला आलेल्या. त्यांचं मोडकंतोडकं इंग्रजी आणि माझं पुणेरी, यांवर कुंपणाशी गप्पा चालत. सगळी वाक्यं एकाच जागेपासून सुरू व्हायची. “आमच्या डोंगरात कांदा असा चिरत नाहीत.” “आमच्या डोंगरात पाऊस सांगून येतो.” त्यांचं गाव जुनं, दगडी घरांचं, वरच्या अंगाला शेकडो वर्षांपूर्वीचा नन्सचा मठ.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये त्यांचे यजमान तिकडे गावी वारले. जाणं अशक्यच होतं. अंत्यविधी त्यांनी स्वयंपाकघरात बसून फोनवर पाहिला. मी दाराशी गेले, तर म्हणाल्या, “आमच्या डोंगरात दारी आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत,” आणि चीज भरलेली गरम पोळी माझ्या हातात ठेवली. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या वर्षश्राद्धाला गेल्या आणि परतल्याच नाहीत. मठात राहते, एवढाच निरोप आला. मुलगा इव्हान मला म्हणाला, “मी गेलो तर भांडण होईल. तुम्ही सुट्टीला तिकडे चाललाच आहात, तर बघून या.”

मठाच्या भिंतींवर धुरानं काळवंडलेले संत होते. अंगणात काळा रुमाल बांधलेल्या राद्काबाई मिरच्या निवडत बसल्या होत्या. मला मिठी मारून मोठ्यानं रडल्या, मग हसल्या, पुन्हा रडल्या. त्या सुखात आहेत की दुःखात, कळेना.

“घरी कधी येणार?” मी विचारलं.

“तिकडे भिंती पातळ. नातू ऐकेल म्हणून वर्षभर रडले नाही. इथल्या भिंती बघ केवढ्या जाड.”

“आणि रडून झाल्यावर?”

“ते मलाही माहीत नाही.”

परतल्यावर इव्हानला सगळं सांगितलं. तो फाटकाशी उभा राहून आईच्या खोलीकडे बघत होता.

“तिच्या खोलीची भिंत तुमच्या बाजूची,” तो म्हणाला. “तुम्हाला कधी काही ऐकू आलं?”

“नाही,” मी म्हणाले.

“मलाही नाही,” तो म्हणाला. “मला वाटायचं, आई बरी आहे.”