पाकिटावरचा तक्ता

उघड्या पातेल्यात भात शिजताना पेजेचा वास घरभर पसरतो, आणि मुलांनो, मला आपला तपकिरी कुत्रा आठवतो. तुमच्या बाबांनी नागपूरहून त्याच्यासाठी खास खाद्य आणलं होतं. पाकिटावरचा इंग्रजी तक्ता मी नीट वाचला: दोन वेळा एकेक कप, माणसांचं अन्न अजिबात नाही. कुत्रा वाटी हुंगायचा आणि तोंड फिरवून पडून राहायचा. चार दिवसांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, तरी मी तक्ता सोडला नाही. पाचव्या दुपारी भांडी घासायला येणारी मावशी अंगणात बसून स्वतःच्या डब्यातला पेजभात त्याला चारताना दिसली. “कुणाला विचारून देताय?” मी ओरडले. “उपाशी मरून राहिला तो, बाई. तुमचं नाही, माह्या वाट्याचं देऊन राहिली.” मी वाटी हिसकावली आणि भात नालीत ओतला. आदल्याच आठवड्यात दिवसभर चिखलात वाकून भाताची रोवणी करणाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत ओतला. रिकामा डबा विसळत ती एवढंच म्हणाली, “त्याले इंग्रजी नाही येत, बाई.” संध्याकाळी मी गुपचूप मूठभर तांदूळ शिजवले. कुत्र्याने वाटी चाटूनपुसून लख्ख केली. दुसऱ्या दिवशी मावशीला मात्र मी सांगितलं, की डॉक्टरांनी भात द्यायला सांगितलाय. “बरं झालं,” ती म्हणाली, आणि भांडी घासायला बसली. कोणत्याच डॉक्टरला मी विचारलं नव्हतं. हे आज पहिल्यांदा कबूल करते आहे, आणि तेही तिच्यापाशी नाही, तुमच्यापाशी.