लातूरहून आणलेली टिंबं

आत्याला पुन्हा दुकानात बसवायचं, एवढ्या एका हट्टापायी मी तिला घेऊन लातूरला निघाले. नांदेडजवळच्या अर्धापुरातलं आमचं चटण्या-मसाल्यांचं दुकान तिनंच उभं केलेलं. काचबिंदूनं नजर गेली तरी ती डबे चाचपून माल द्यायची, कारण प्रत्येक डबा वेगळा होता. पुढे माल बाहेरच्या दुकानांतही जाऊ लागला आणि सगळ्या बरण्या एकसारख्या झाल्या. एका बाईला कारळाच्या चटणीऐवजी काळा मसाला गेला. बाईनं हसून बरणी बदलून नेली, पण आत्या दुसऱ्या दिवसापासून घरीच बसली. मग कुणीतरी लातूरच्या एका छापखान्याचं नाव सुचवलं. लग्नपत्रिकेवरचा गणपती तिथं असा उठवतात म्हणे, की डोळे मिटून सोंड हाताला लागावी.

नांदेडहून सकाळची एसटी धरा, दुपारी ऊन सोसत नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी साधारण चार तास घेते, आणि बायकांना अर्धं तिकीट. अहमदपूरला चहा घेतला. रस्ता काही ठिकाणी असा, की आत्या म्हणाली, "डोळे नसले तरी खड्डे समदे दिसून राहिले मला."

गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत तो छापखाना. मालक अप्पा, कपाळाला विभूती, हात जोडून "शरणार्थ, बसा आक्का," म्हणत त्यांनी आत्याला पंख्याखाली बसवलं. पितळेचे दोन ठसे दाखवले, एकावर चित्र उठलेलं, दुसऱ्यात तेच खोल गेलेलं. मधे कागद दाबला की चित्र वर येतं. मी घरून मिरची, कारळाचं फूल, जवसाची फांदी अशी सुंदर चित्रं काढून आधीच फोनवरून पाठवली होती. अप्पांनी त्यांचे नमुने तयार ठेवले होते. आत्यानं तिन्हींवरून बोट फिरवलं.

"समदं एकसारखंच लागतंय गं. गिऱ्हाईक उभं असताना एवढं बारीक कोण चाचपत बसंल?"

माझा चेहरा उतरला. ब्रेल तिला येत नाही, आणि या वयात शिकायला ती तयार नाही. अप्पा म्हणाले, "आधी जेवून घ्या, मग बघू."

आत्यानं डबा काढला. अप्पांनाही भाकरी दिली, आणि झाकण लावता लावता तिचं बोट थांबलं. तिच्या लग्नात भांडेवाल्यानं ठोकून घातलेलं नाव होतं तिथं, टिंबाटिंबाचं.

"अप्पा, हे बोटाला कळतंय बघा. असलंच द्या. मसाल्याला एक टिंब, कारळाला दोन, जवसाला तीन."

"हाव की! लई सोपं हाय," अप्पा उठलेच. भाकरी एका हातात तशीच ठेवून त्यांनी जाड कागदावर टिंबं दाबली. पातळ कागद फाटतो, हे तेव्हा कळलं. आत्यानं तिन्ही चिठ्ठ्या उलटसुलट करून पुन्हा ओळखल्या आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. अप्पा नमुन्याचे पैसे घेईनात. म्हणाले, "आक्कांची भाकर खाल्ली की." त्या माणसाचे आभार कसे मानायचे, मला अजून सुचलेलं नाही. संध्याकाळच्या गाडीआधी निलंगा राईस हा तिकडचा मसालेदार भात खाल्ला. तुम्हीही खा, पोटभर आणि स्वस्त.

पुढच्या आठवड्यात लेबलं आली. पहिलं लेबल मी सवयीनं अंगठ्यानं घासून चिकटवलं. आत्यानं हात फिरवला, तर टिंबं दबून सपाट.

"अगं माय, पुसूनच टाकलंस की मला!"

आता फक्त कडा दाबते. मिरचीची चित्रं राहिली घरी. लातूर म्हटलं की वारंवार आठवण येते ती पंख्याखालच्या त्या जेवणाची.

आत्या दुकानात बसली त्याच दिवशी ती कारळाची बाई पुन्हा तीच चटणी मागत आली. आत्यानं आवाज ओळखला, बरणी उचलली, बोट फिरवलं, पुढे केली.

"या टायमाला बरोबर हाय का, वाचून बघ बाई."

बाईनं वाचलं नाही. बरणी तशीच पिशवीत टाकली.