प्रयागबाईची मुदत

प्रयागबाईचे दोन्ही तळहात भाजून आखडले होते. बोटं पुरती उघडत नसत. त्याच हातांनी ती भाताचे भारे उचलायची, आणि वाडीत तिच्या वाटेला कोणी जात नसे.

वाडीची विहीर मुंबई-गोवा रस्त्याच्या खालच्या अंगाला, पोलादपूरच्या अलीकडे. वर रस्त्याकडेला गोमाजीचा पेट्रोलपंप. गोमाजी तिच्याच भावकीतला. मुंबईत गॅरेज चालवून परतला, जमिनीत टाकी पुरून पंप घातला आणि गोमाजीशेठ झाला. अठ्ठावन्न सालच्या चैत्रात विहिरीच्या पाण्याला घासलेटासारखा वास मारू लागला. कुणाची तरी बाटली पडली असेल, गाळ काढून टाकू, असं पुरुषांनी ठरवलं.

विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचा, ही तिकडची रीत. विझला तर खाली हवा वाईट. तेवत राहिला तर माणसानं बेलाशक उतरावं. प्रयागबाईचा नवरा सोनबा काठावर ओणवा झाला आणि त्यानं दोरीनं कंदील खाली सोडला. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती विहिरीत दबा धरून बसली होती. कंदील विझला नाही, आख्खी विहीर पेटली. आगीचा लोळ माडाएवढा वर गेला आणि सोनबा त्यातून मागं फेकला गेला तो पेटलेलाच. प्रयागबाईनं त्याला हातांनी धरलं, मातीत लोळवलं. त्याच्या पाठीची साल तिच्या बोटांना चिकटून आली. महाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो ओरडत होता. दारात गप्प झाला.

हातांना पट्ट्या असतानाच ती पहार घेऊन पंपावर निघाली. गावाचा न्यायनिवाडा करणाऱ्या गावकीचा प्रमुख, गावकर भागोजी, यानं तिला वाटेतच अडवलं.

"भावकीतलं भांडण भावकीत मिटवायचं, प्रयागे. शिमग्याला गावकी बसंल. त्याआधी कोर्टात गेलीस तर वाळीत पडशील. लावणीला माणूस येणार नाय, का मढ्याला खांदा मिळणार नाय."

गावकी शिमग्यालाच बसायची, कारण मुंबईचे चाकरमानी तेव्हाच गावी यायचे. प्रयागबाई शिमग्यापर्यंत थांबली.

शिमगा आला. देवीची पालखी सहाणेवर, गावच्या चौथऱ्यावर, बसली आणि तिच्यासमोर गावकी भरली. गोमाजीनं देवीचा अंगारा उचलून शपथ घेतली. "माजी टाकी गळत नाय. तरीपन कंपनीचा मानूस आनून दावतो. फुडल्या शिमग्याला निकाल करा."

"खोटा अंगारा उचलतोस, मेल्या!" प्रयागबाई बायकांतून उठून पुढं आली. "माजा घो पान्यानं पेटला काय रे?"

तिचा दीर महिपत पंपावरच कामाला होता. सगळ्यांदेखत त्यानं तिला केसांनी धरून खाली ओढलं आणि तोंडावर लाथ घातली. भागोजी पालखीकडं बघत राहिला. प्रयागबाईनं रक्ताबरोबर एक दात थुंकला आणि पदरात बांधला.

पुढच्या पावसाळ्यात ती कुणाला न सांगता महाडला वकिलाकडं गेली.

"उशीर केलात, बाई," वकील म्हणाले. "माणूस मेल्याच्या भरपाईचा दावा वर्षाच्या आत लावावा लागतो. चैत्रातच तुमची मुदत संपली."

"पन गावकीनं थांबवलं."

"कायदा शिमगा मोजत नाही."

तिच्या ध्यानात आलं. गोमाजीनं पुढचा शिमगा मागितला तेव्हा वर्ष भरायला थोडेच दिवस उरले होते. त्याला ठाऊक होतं.

"मंग त्याला काय पन नाय?"

"सोनबाचं काही नाही. विहिरीचं मात्र आहे. टाकी गळते आहे तोवर अन्याय चालूच आहे, रोज नवी मुदत. पण गळते हे सिद्ध कसं करणार? गावातला एक तरी साक्ष देईल का?"

ती उठली. दारातून मागं वळून म्हणाली, "देईल. तोच देईल."

दुसऱ्या शिमग्याला गावकी बसली त्या सकाळी सहाणेजवळ होळीच्या होमाची लाकडं अजून धुमसत होती. प्रयागबाई सगळ्यांसमोर विहिरीवर गेली, वरवरचा तवंगच घागरीत भरून घेतला आणि आली.

"आला का रे तुजा कंपनीचा मानूस?"

"टाकी गळत नाय, वयनी. कितींदा सांगू?"

"मंग हे पानीच हाय."

तिनं घागर त्याच्या अंगावर उपडी केली आणि होमातलं जळतं लाकूड उचललं. गोमाजी उठायला गेला, तिनं त्याच्या छातीवर लाथ मारली. महिपत धावला, लाकूड त्याच्या तोंडावर फिरलं, कानापासून हनुवटीपर्यंत चामडी करपली, आणि तो किंचाळत बसला. मग ती गोमाजीकडं वळली.

"बोल, काय हाय ते! पानी हाय ना?"

"पेट्रोल हाय! माज्या टाकीतला हाय! पेटन मी, वयनी, पेटन!"

लाकडाची एक ठिणगी खाली ओघळलेल्या ओलीवर पडली. ज्वाळा जमिनीवरून सरपटत गोमाजीच्या पायाकडं गेली. धोतर पेटलं, मांडी पेटली. प्रयागबाई लाकूड धरून तशीच उभी. चाकरमान्यांनी माती टाकून त्याला विझवलं आणि मग तिला तुडवलं. पोलीस आले तेव्हा तिची एक बरगडी मोडलेली होती.

महाडच्या कोर्टात ती आरोपी म्हणून उभी राहिली. गोमाजी कुबडीवर आला. तिच्या वकिलांनी त्याला विचारलं, "घागरीत पाणी होतं ना?"

"पानी असता तर पेटलो असतो काय? पेट्रोल व्हता."

"बाईनं पंपावरून चोरलं?"

"नाय. विहिरीवरनं भरून आनलं. आख्ख्या गावानं बघितलं."

"विहिरीत कुठून आलं?"

गोमाजीनं मागं वळून बघितलं. बाकावर महिपत, करपलेल्या गालानं. मागं भागोजी आणि गावकी. सहाणेवर काय ओरडला ते सगळ्यांनीच ऐकलं होतं, आणि ते खोटं, घागरीत पाणीच होतं म्हणावं, तर बाईवर गुन्हाच उरत नव्हता.

"माज्या टाकीतनं," तो म्हणाला. "अजून गळते."

प्रयागबाईला सहा महिन्यांची शिक्षा झाली. शिपाई न्यायला आला तेव्हा तिनं पदराची गाठ सोडून दात काढला, तो महिपतच्या पायाशी टाकला आणि वकिलाकडं वळली.

"वकीलसाब, आयकलंत ना? आता विहिरीचा दावा लिवायला घ्या. ही मुदत जायची नाय."