जर्मन बाईंचं नाव

हिंगोलीच्या दवाखान्यात एक जर्मन बाई बाळंतपणं करायच्या. माझं लेकरू पोटातच गेलं, तेव्हा मी तिथं अकरा दिवस होते. सासरहून कुणी आलं नाही. दुपारी काम आटोपलं की बाई खाटेवर बसून मला त्यांची भाषा शिकवायच्या. पाण्याला वासर, भाकरीला ब्रोट. सकाळी गुटन मॉर्गन म्हणत हात हातात घ्यायच्या आणि मी वर बघावं म्हणून बराच वेळ धरून ठेवायच्या. मी पदर ओढून खालीच बघायची.

"काहून लाजून राहिली? मी तुझी सासू न्हाई," त्या म्हणायच्या.

एकदा त्यांनी आपलं नाव सांगितलं. म्हणाल्या, "इथं आल्यापासून मला कुणी नावानं हाक मारली न्हाई. सगळे बाई म्हणतात. आमच्याकडं मैत्रीण नाव घेते. तू घे."

"तुमी माझ्या आईच्या वयाच्या. कसं घेऊ?"

"बरं, उद्या घे."

उद्या, उद्या करत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी, विलायतेत जर्मनांशी लढाई लागली म्हणून, सरकारची मोटार त्यांना न्यायला आली. निघताना त्या माझ्याजवळ आल्या, हात धरून थांबल्या. कशासाठी थांबल्या ते मला कळत होतं. मी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघितलं, पण तोंडातून "बाई" एवढंच निघालं.

त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

दोनच अक्षरांचं नाव आहे. शेतात एकटी असले की मोठ्यानं घेते. इथं लिहायला मात्र अजून हात धजत नाही.