झुलालनानांनी ऐकलेलं विमान

पारोळ्यात फवारणीचे पंप दुरुस्त करणारे झुलालनाना भारी तापट. पंपाचं छोटं फोर-स्ट्रोक इंजिन माझ्या रिमोटच्या विमानाला बसवून द्या म्हटलं, तर खेकसले, "मी काय खेळण्यावाला शे का?" पण आठ दिवसांत पुढे पंखा लावून इंजिन तयार ठेवलं.

पहिल्याच उड्डाणात विमानानं नाक वर केलं आणि इंजिन बंद पडलं. विमान कापसाच्या रिकाम्या शेतात आपटलं. नाना माझ्यावरच चिडले. मग दुकानात विमान शेपटीवर उभं धरून त्यांनी इंजिन पुन्हा चालू केलं आणि पेट्रोल वाढवायला कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरवला. "पाठीवरचा पंप कायम उभाच राहतो. इंजिन तिरपं चालवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही," ते पुटपुटले.

दुसऱ्यांदा विमान सरळ आभाळात चढलं. शेताच्या बांधावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना मात्र विमानाकडे पाठ करून, डोळे मिटून उभे.

"नाना, वर बघा ना!"

"गप बस. मी इंजिन आयकी रायनू."

विमान उतरलं, इंजिन थांबलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. हळूच माझ्याजवळ आले.

"आते सांग, वर कसं दिसत व्हतं?"